काच काळी करायची नाही

गाडीचं चित्र काढताना काच काळी भरायची, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. कोणी ठरवून केलेला नाही, पण पांढरकवड्यापासून वणीपर्यंत कुठल्याही रेडियमच्या दुकानात जा, भिंतीवरच्या जीपा, टिपर, व्हॅन सगळ्या बिनमाणसाच्या दिसतील. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाठवतं, आम्ही तो कॉम्प्युटरवर कोरल नावाच्या प्रोग्राममध्ये घेतो, त्याच्यावरून रेषा ओढतो आणि काचांची पाळी आली की काळा रंग ओतून मोकळे होतो. त्यात ड्रायव्हर बुडतो, त्याच्या शेजारी बसलेली बायको बुडते, मांडीवरचं पोरगंही बुडतं. कोणी तक्रार करत नाही. गाडी चकचकीत दिसली की गिऱ्हाईक खूश.

मी कपिल. पांढरकवड्याला अमर आर्ट्समध्ये रेडियम चिकटवतो. चित्र काढायचं काम ममताचं. ती कॉम्प्युटरवर काढते, मशीन रेडियम कापतं आणि मी उन्हात गाडीच्या मागं उभा राहून ते काचेवर बसवतो. रेडियम चिकटवायला काय अक्कल लागते, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मी त्यांनी घरी चिकटवलेल्या स्टिकरातले बुडबुडे दाखवतो. माझं तोंड असंच आहे. ममताचं माझ्याहून तिखट, म्हणून आमचं जमतं.

ममता राठोड दुकानात लागली ती झेरॉक्स मारायला. केळापूरच्या पुढं आतल्या बाजूला तिचा तांडा आहे. झेरॉक्स मारता मारता ती आधीच्या आर्टिस्टच्या पाठीमागून स्क्रीनकडे पाहत राहायची. तो आर्टिस्ट एक दिवस न सांगता नागपूरला निघून गेला. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं, अमरभाऊ डोकं धरून बसलेला, आणि ही म्हणाली, "मी काढू काय?" अमरभाऊ हसला. मालक आहे, हसायचा हक्क आहे त्याला. तिनं काढलेला पहिला पाण्याचा टँकर उभ्या ड्रमसारखा दिसत होता, हेही खरं. तिनं तो पुसला आणि परत काढला, परत पुसला आणि परत काढला. शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, बाई, आता दे, हाच माझा टँकर आहे.

कोरलमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की फोटोचं आपोआप चित्र होतं. आळशी लोकांसाठी फार सोयीचं बटण आहे आणि आमच्या गावात आळशी लोकांना तोटा नाही. पण कॉम्प्युटरला गाडी कळत नाही. बॉनेटवर झाडाची सावली पडलेली असली तर तो सावलीलाही पत्रा समजतो. धुळीचा प्रत्येक ठिपका जपून ठेवतो, आणि धुतलेली नसेल तर गाडीला गोवर आल्यासारखं दिसतं. ममता त्या बटणाला हात लावत नाही. ती फोटो फिका करते, खालच्या लेयरला कुलूप घालते, म्हणजे फोटो हलत नाही, आणि वरून माऊसनं एक एक बिंदू टाकत जाते. बिंदू कमी टाकायचे आणि रेष वाकवून न्यायची, ही तिची पद्धत. आधी चाकं काढते, कारण चाकं चुकली की सगळी गाडी तिरपी होते. सगळं झालं की खालचा फोटो डिलीट करते. फोटो गेल्यावरही चित्र उभं राहिलं तर ते तिचं चित्र. नाही राहिलं तर पहिल्यापासून. ह्या हट्टापायी गिऱ्हाईक दुकानात बसून बसून पेंगतं आणि अमरभाऊ माझ्यावर ओरडतो, कारण तिच्यावर ओरडायची त्याची छाती नाही.

आता तिच्या आईबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं.

आईचं नाव बसंतीबाई. ममताचे वडील, धावजीकाका, जुनी व्हॅन चालवायचे. तांड्यात एसटी येत नाही. दवाखान्याची गाडी बोलावली तर नाल्यापर्यंत येते आणि तिथून हॉर्न वाजवते. त्यामुळे पेशंट न्यायला धावजीकाकांचीच व्हॅन होती. मग शुगरनं त्यांची नजर गेली. व्हॅन निंबाखाली उभी राहिली आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक दिवस बसंतीबाईनं कोंबड्या हाकलल्या आणि स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसली. सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरात शिकली. धावजीकाका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खाट टाकून नुसत्या इंजिनच्या आवाजावरून सांगायचे, आता गिअर बदल. त्याच वावरात एका म्हशीनं दाराला दणका दिला, तो अजून तसाच आहे. लायसन काढायला गेली तेव्हा तिथले लोक तिच्याकडे पाहतच राहिले. तिनं गाडी मागं घेऊन दाखवली तेव्हा पाहायचं थांबले.

तांड्याचा नाईक म्हणाला होता, बाईच्या हातच्या गाडीत बसण्यापेक्षा मी पायी जाईन. त्याची सून अडली तेव्हा तोच धावत येऊन व्हॅनचं दार बडवत होता. आता पुढच्या सीटसाठी भांडतो.

बसंतीबाईच्या उजव्या हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आहेत, जुन्या बंजारा बायांच्या असतात तशा. गाडी चालवताना ती कोपर खिडकीबाहेर ठेवते. पांढरा हात लांबून दिसला की रस्त्यावरच्या गुरांना हाकलायला पोरं पळतात. आमच्या भागात त्या हाताला सगळे ओळखतात.

झालं ते दसऱ्याच्या तोंडावर. दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्यामुळे सगळ्यांना त्याच आठवड्यात नवं रेडियम पाहिजे असतं. दुकानाबाहेर रांग लागली होती आणि त्या रांगेतून रोशन पुढं घुसला. रोशन म्हणजे भाऊंचा कार्यकर्ता. भाऊ म्हणजे कोण ते मी सांगत नाही, वाचणाऱ्यानं आपापल्या भागातला भाऊ घालून घ्यावा. भाऊंचा वाढदिवस दसऱ्याच्या आदल्या दिवशी होता आणि चौकात मोठा फ्लेक्स लावायचा होता.

रोशननं मोबाइल ममतासमोर धरला. "हे गाडी पाह्य. चित्रासारखी करून दे. रंग चकाचक, दारावरचा हा दणका काढून टाक, वर लाल दिवा बसव. अन् हे बाई हाय नं स्टेरिंगवर, तिले काढ. तिच्या जागी भाऊले बसव. हासून राह्यले असे."

खाली काय लिहायचं तेही त्यानं सांगितलं. दुर्गम भागातील माताभगिनींसाठी भाऊंची रुग्णसेवा.

ममतानं फोटो बोटानं मोठा केला. मी मागं उभा होतो. खिडकीतला पांढरा हात मलाही दिसला.

"हे गाडी भाऊची हाय काय?" तिनं विचारलं.

"भाऊनं नारळ फोडला होता तिच्यावर."

तेही खोटं नव्हतं. मागं भाऊ प्रचाराला तांड्यात आले होते. व्हॅन समोर दिसली, हातात नारळ होता, फोडला आणि फोटो काढून गेले.

"नारळ त भाऊनं आमच्या हातपंपावरही फोडला," ममता म्हणाली. "त पाणी का त्याच्या घरून येते?"

"तुले काय करा लागते? कोण हाय ते बाई?"

"माही याडी हाय."

याडी म्हणजे आई, एवढं रोशनलाही कळतं. तो जरा गडबडला. पण राजकारणातला माणूस, फार वेळ गडबडत नाही. "मंग त बरंच झालं," तो म्हणाला. "घरचंच काम हाय. कोणाले विचारा लागत नाई."

"नाई करत मी."

एवढं ऐकून अमरभाऊ उठून आला. निवडणुकीत भाऊंची सगळी छपाई आमच्याकडे असते आणि त्याच्यावर दुकान उभं आहे. त्यानं आवाजात साखर घातली. "ममता, असं कर. भाऊले नको बसवू. तुह्या मायलेही काढू नको. काच काळी करून टाक, नेहमीसारखी. भाऊचा फोटो बाजूनं मोठा लावू. कोणाचंच काही बिघडत नाई."

रोशननं मान हलवली. खरं सांगायचं तर तोडगा वाईट नव्हता. भाऊ आत नाहीत, आई आत नाही, नियमाप्रमाणे काम झालं. मी मनात म्हटलं, सुटलो बुवा.

ममता खुर्चीवर फिरून बसली. "अमरभाऊ, आजवर जेवढ्या काचा काळ्या केल्या, त्याच्यात कोण बसून होतं ते मले माहीत नव्हतं. हिच्यात कोण हाय ते मले माहीत हाय. माहा बाप आंधळा झाला तवा हे बाई त्या सीटवर बसली. लोकं हासले तरी बसली. तिले कोणीच तिथून उठवलं नाई, अन् मी माउसनं उठवू? काच काळी करायची नाई."

आणि तिनं तो फोटो स्वतःच कॉम्प्युटरवर घेतला, फिका केला, कुलूप घातलं आणि काढायला बसली. नेहमी चाकांपासून सुरू करते. त्या दिवशी कोपरापासून सुरू केलं. रोशन जरा वेळ पाहत राहिला. त्याला वाटलं, मानली बाई. मग कोपराच्या वर खांदा आला, ओढणी आली, बसंतीबाईचं नाक आलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. "पाहून घेतो," असं अमरभाऊला म्हणून तो समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात गेला.

अमरभाऊ इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. तिच्या हातातून माऊस ओढून त्यानं चित्र डिलीट केलं, फोटो डिलीट केला, कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला. मग मोठ्यानं, रोशनला गल्लीत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

ममता उठली. माठातलं पाणी प्यायली, स्कार्फ बांधला, डबा उचलला. दारात थांबून म्हणाली, "फोटो पुसला नं तुमी? मले फोटो लागत नाई."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली आणि कॉम्प्युटर सुरू केला. अमरभाऊनं तिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. राजूरच्या कोळशाचे टिपर उभे होते, झरीच्या जीपा उभ्या होत्या. "आधी त्या टिपरवाल्याचं कर," तो म्हणाला. कामावरून काढण्याचा विषय तिथंच संपला. मालकाची हिंमत आणि दसऱ्याची गर्दी एका दुकानात मावत नाही.

दुपारी अमरभाऊ जेवायला घरी गेला. ममतानं कोरं पान उघडलं. खाली फोटो नाही, फिकट छाया नाही, काही नाही. मी भाकर हातात घेऊन तिच्या मागं उभा राहिलो. पहिल्यांदा कोपर आलं. मग बांगड्या, एक एक करून, मनगटाकडे जाताना लहान होत गेलेल्या. मग खिडकीची कड, मग दार, दारावर म्हशीचा दणका नेमका जिथं आहे तिथं. टप आखूड आलं, पुसलं. परत काढलं, ह्या खेपेला लांब झालं, परत पुसलं. शिवी दिली, मला नाही, टपाला. चाकं सर्वांत शेवटी आली आणि बरोबर आली. हे पाहताना हातातली भाकर खायची राहून गेली, हे मी कबूल करतो. त्या बाईला ती रोज सकाळी पाहते, पण पाहणं आणि असं कोऱ्यावर काढणं ह्यात फरक आहे.

सगळं झाल्यावर सवयीनं तिचा हात खालचा फोटो डिलीट करायला गेला. तिथं काहीच नव्हतं. ती एकटीच हसली.

मी पांढऱ्या रेडियमचा रोल मशीनला लावला. मशीन कापायला लागलं की लपवता येत नाही, गल्लीभर आवाज जातो. अमरभाऊ परत आला तेव्हा अर्धी व्हॅन कापून झाली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दसरा हाय." तो पंख्याखाली जाऊन बसला.

बांगड्यांच्या मधल्या फटी इतक्या बारीक होत्या की सुईनं रेडियम उचलताना डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी बसंतीबाई लेकीला न्यायला आली. मी तिच्या गाडीची मागची काच साबणाच्या पाण्यानं धुतली, चित्र बसवलं, पट्टी फिरवून पाणी बाहेर काढलं. एक बुडबुडा राहू दिला नाही. बसंतीबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"माहं नाक एवढं मोठं हाय?" तिनं विचारलं.

"हाय," ममता म्हणाली.

 बसंतीबाईनं ओढणीनं काचेचा कोपरा पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती, आणि म्हणाली, "मंग राहू दे."

भाऊंच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला. समोरच्या दुकानवाल्यांनी बटण दाबून गाडीचं चित्र केलं होतं, धुळीसकट. वर लाल दिवा बसवला होता. खिडकीत बसंतीबाईचं तोंड कापून भाऊंचं हसरं तोंड चिकटवलं होतं. पण घाई होती, दसऱ्याची गर्दी होती, आणि तोंड बदललं की काम झालं असं त्यांना वाटलं. खिडकीबाहेरचा हात तसाच राहिला. भाऊ हसत होते आणि त्यांच्या कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या.

चौकात माणसं जमायला वेळ लागला नाही. कोणी फोटो काढत होतं, कोणी रोशनला फोन लावत होतं. "भाऊनं बांगड्या भरल्या रे," असं म्हणून पानठेल्यावरचे लोक एकमेकांना टाळ्या देत होते. मीही रेडियमची पट्टी हातात घेऊन पाहायला गेलो होतो. भाऊंची फजिती पाहायला कोणाला आवडत नाही?

तेवढ्यात दवाखान्याकडून बसंतीबाईची व्हॅन आली. मागं एक म्हातारी आडवी होती, सलाइन घेऊन घरी निघालेली. गर्दीनं रस्ता अडलेला. बसंतीबाईनं फ्लेक्सच्या बरोबर खाली गाडी थांबवली आणि वर पाहिलं. कोपर खिडकीबाहेर होतं, नेहमीसारखं. वर तोच हात, खाली तोच हात. हसणाऱ्यांच्या माना एकेक करून वरून खाली, खालून वर होऊ लागल्या. एक जण मात्र अजून बांगड्यांवरूनच काहीतरी बोलत होता. बसंतीबाईनं मान बाहेर काढली.

"बांगड्याले काहून हासता? गाडी तोंडानं नाई चालत, हातानं चालते. तोंड कोणाचंही लावा. हात माहाच हाय."

तिनं हॉर्न दाबला. लोकांनी वाट करून दिली. व्हॅन पुढं गेली तशी तिची मागची काच सगळ्यांना दिसली, आणि त्या काचेवर गाडी होती, गाडीत बाई होती आणि बाईला तिचं स्वतःचं तोंड होतं. पानठेल्यावर मग कोणी टाळ्या दिल्या नाहीत. दुपारच्या आत रोशननं शिडी लावून स्वतःच्या हातानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या.

भाऊंची छपाई आमच्याकडून गेली ती गेलीच. अमरभाऊ अजून त्यावरून कुरकुरतो. मी त्याला म्हणतो, भाऊ जातात, भाऊ येतात. तो म्हणतो, छपाई येत नाही. त्याचंही बरोबर आहे.

पण एक झालं. दसऱ्यानंतर राजूरचा एक टिपरवाला आला आणि म्हणाला, त्या बाईच्या गाडीवर आहे तसं पाहिजे, मलेही आत बसव, मिशीसकट. त्याचं पाहून दुसरा आला. कोणाला शेजारी बायको पाहिजे होती, कोणाला मांडीवर पोरगी. काम दुप्पट वेळ घेऊ लागलं. आता ममता फोटो पाहण्याआधी प्रत्येकाला विचारते, आत कोण बसते, आणि उत्तर आल्याशिवाय माऊसला हात लावत नाही.

गेल्या आठवड्यात एक मालक आला. त्याच्या बऱ्याच जीपा झरीच्या रस्त्यावर धावतात. खुर्चीत पसरून म्हणाला, "मले बसव आत. गॉगल घालून."

"गाडी चालवते कोण?" ममतानं विचारलं.

"ड्रायव्हर हाय नं. पगारी."

"मंग त्याचा फोटो आणा."

मालक तोंडात येईल ते बोलला. गाडी कोणाच्या नावावर आहे, पैसे कोण देणार, तू कोण विचारणारी, सगळं बोलून झालं. ममता दुसऱ्याची नंबरप्लेट करत बसली. अमरभाऊनं ह्या खेपेला काच काळी करायचं नाव काढलं नाही. पंख्याकडे पाहत राहिला. मालक पाय आपटत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. मागं त्याचा ड्रायव्हर होता, उन्हानं रापलेला, चप्पल दाराबाहेर काढून आत आलेला, आपल्याला कशाला बोलावलं हे न कळल्यासारखा उभा. ममतानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि मोबाइल फोटोसाठी वर धरला.

"दादा, गाडी चालवताना कोपर बाहेर ठेवता का आत?"